उत्तरेकडे तोंड करून

खगोलशास्त्राशी माझा संबंध आजवर फक्त शनीपुरता आला. तोही साडेसातीच्या निमित्ताने, आणि त्यातही बाजू नेहमी त्याचीच वरचढ. बाकीचे ग्रहतारे आपापल्या जागी आणि मी माझ्या, असा आमचा सलोख्याचा कारभार चालू होता. त्यामुळे डिसेंबरातल्या एका दुपारी हिने चहाचा कप पुढे ठेवून, "अहो, आज रात्री आपल्या पवईतून अरोरा दिसणार आहे म्हणे," असं सांगितलं तेव्हा मी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "कुठला? सी विंगमधला?"

यात माझी काही चूक नव्हती. आमच्या सोसायटीत अरोरा आडनावाची तीन बिऱ्हाडं आहेत आणि तिन्ही दिसायची असली तर गच्चीवर जावं लागत नाही, मेंटेनन्सच्या मीटिंगला गेलं की पुरतं. पण हिचा अरोरा निराळा होता. सोसायटीच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर कुणीतरी निरोप टाकला होता. सूर्यावर प्रचंड वादळ झालेले असून आज रात्री मुंबईकरांना उत्तर ध्रुवावरचा प्रकाश पाहण्याची शतकातली एकमेव संधी आहे. उत्तरेकडे तोंड करून उंचावरून पाहावे. हा निरोप वीस जणांना पाठवावा. पूर्वी संतोषीमातेची पोस्टकार्डं अशीच यायची. ती न पाठवणाऱ्याचा धंदा बुडायचा, एवढाच फरक.

मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच वेळी माझा मेहुणा सपत्नीक हजर झाला. हा गृहस्थ गेल्या वर्षी खास अरोरा पाहण्यासाठी नॉर्वेत ट्रोम्सोला जाऊन आला होता. पाच रात्री, उणे पंधरा तपमान, अंगावर उसनी घेतलेली अस्वलासारखी बंडी, आणि पाचही रात्री वर ढग. एवढ्या खर्चातून घरी आलं काय, तर फ्रिजला चिकटवायचं अरोराचं चित्र. ते आमच्याही फ्रिजवर आहे. त्याच्याखाली दूधवाल्याचा हिशेब लटकतो.

"भाऊजी, बसताय काय!" तो म्हणाला. "उठा. अरोरा बघायचा म्हणजे बाहेर जेवायलाच जायला पाहिजे. तिकडे तसंच करतात. काचेच्या छताखाली बसायचं, गरम सूप प्यायचं आणि वर बघायचं."

"आणि दिसला नाही तर?"

"तर सूप तरी प्यालो, असं म्हणायचं," ही म्हणाली. स्वयंपाक टळत असला की आमच्या हिचा वैज्ञानिक दृष्टिकोन विलक्षण तल्लख होतो.

मी तळ्याकाठच्या एका हॉटेलला फोन लावला. "गच्चीवर चार जणांचं टेबल हवंय. उत्तरेकडे तोंड करून. अरोरा बघायचाय."

"हो जाएगा साब," पलीकडून उत्तर आलं. "अरोरा, चार लोग, साडेआठ."

संध्याकाळपर्यंत वेळ होता. निरोप खोटा ठरवण्याची मला उत्कट इच्छा होती. निवृत्त माणसाला एवढी एकच चैन परवडते. म्हणून पुस्तकं काढली, मोबाइलवर शोधाशोध केली, आणि पंचाईत झाली. बातमी खरी निघाली. मुंबईतून अरोरा दिसला होता. फक्त बातमी दीडशे वर्षांहून जास्त शिळी होती.

साडेआठला हॉटेलात पोचलो तर दाराशीच, "आइये अरोरासाब!" असं जंगी स्वागत झालं. मी खुलासा करणार होतो, पण टेबल इतकं मोक्याचं मिळालं की त्या रात्रीपुरता अरोरा व्हायला मी कबूल झालो. समोर तळं, पलीकडे आयआयटीचे दिवे आणि त्यामागे राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांची काळी रेघ. म्हणजे तोंड बरोबर उत्तरेला.

जेवताना तोंड कुठे असावं याबद्दल आमच्या घरी फार कटाक्ष असे. माझे वडील, अण्णा, गिरगावातल्या एका शाळेत गणिताचे मास्तर होते. दक्षिणेकडे तोंड करून आम्हां पोरांपैकी कुणी पाटावर बसलं की ते ताटासकट त्याला फिरवत. मनुस्मृतीत म्हणे याचा तक्ताच दिलाय. पूर्वेकडे तोंड करून जेवणाऱ्याला आयुष्य मिळतं, पश्चिमेकडे करणाऱ्याला संपत्ती, दक्षिणेकडे करणाऱ्याला चक्क कीर्ती, आणि उत्तरेकडे तोंड करून जेवणाऱ्याला सत्य. आमच्या चाळीतल्या दीड खोलीत स्वयंपाकघराची रचना अशी होती की आम्हां सगळ्यांच्या वाट्याला बहुधा सत्यच यायचं.

सूप आलं. मेहुणा मान मोडून वर पाहत होता. वर एक विमान सांताक्रूझकडे उतरत होतं. "हा नव्हे," तो अनुभवी सुरात म्हणाला.

"पण हा असतो काय नक्की?" ही म्हणाली. "दिवाळीसारखं काही?"

मेहुण्याने ट्रोम्सोच्या गाइडचं इंग्रजी ऐकवायला सुरुवात केली. त्याच्या बायकोने त्याला ब्रेडची टोपली दिली, आणि तेवढ्यात मी सोसायटीचा दृष्टान्त काढला. सूर्यावरून विद्युत्भारित कणांचे लोट सारखे सुटत असतात. हे म्हणजे दारोदार फिरणारे विक्रेते. पृथ्वीचं चुंबकत्व हा आपला वॉचमन. तो कुणाला मुख्य दरवाज्यातून आत सोडत नाही, मागच्या जिन्याने पिटाळतो. हे मागचे जिने म्हणजे उत्तर आणि दक्षिण ध्रुवाकडचे प्रदेश. तिथे हे कण वातावरणातल्या प्राणवायूवर आणि नत्रवायूवर आदळतात आणि ते वायू उजळतात. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर हिरवा रंग, दोनशेच्या वर गेलात की लाल. पण एखाद्या दिवशी सूर्यावर मोठाच स्फोट होतो, विक्रेत्यांचा मोर्चा येतो आणि वॉचमनला आवरत नाही. मग हा प्रकाश जिना सोडून अंगणात पसरतो, ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे सरकतो. फार दक्षिणेला राहणाऱ्यांना क्षितिजावरून त्याचा फक्त वरचा शेंडा दिसतो, म्हणून तो लाल.

"आपला वॉचमन कुणालाच अडवत नाही," ही म्हणाली. पण दृष्टान्त समजला होता.

ट्रोम्सो उत्तर अक्षांश एकोणसत्तराच्या पुढे. मुंबई एकोणीसवर. मधे पन्नास अंशांची तफावत. आणि तरीही ४ फेब्रुवारी १८७२ या दिवशी हा शेंडा मुंबईतून दिसला. रविवार होता. पौष वद्यातली रात्र, अमावास्या चार-पाच दिवसांवर आलेली, म्हणजे चंद्र जवळजवळ पहाटेपर्यंत रजेवर. विजेच्या दिव्यांचा पत्ता नव्हता. गॅसचे दिवे १८६५ साली आले होते, तेही शहरातल्या मोजक्या रस्त्यांवर. बाकीच्या मुंबईत रात्री खरोखरच रात्र होत असे.

त्या रात्री बाहेर जेवणारेही असतीलच. आज ज्या भागाला आपण काळा घोडा म्हणतो तिथे वॉटसनचं हॉटेल १८७१ सालीच सुरू झालं होतं. विलायतेत ओतलेलं लोखंड जहाजातून आणून उभारलेली इमारत, चहूबाजूंनी लांबलचक व्हरांडे, पाहुणे गोरे. माझ्या डोळ्यांसमोर उगाचच येतं की एखादा साहेब सूपचा चमचा तोंडाशी नेता नेता थांबलाय, उत्तरेचं आकाश तांबडं झालंय, आणि साहेबाला वाटतंय की गिरगावात आग लागली. गिरगावकराला वाटत असेल भायखळ्यात लागली. भायखळेकराला, परळला. मुंबईकर आग नेहमी शेजारच्या वॉर्डात ढकलतो.

खरी धांदल उडाली तारवाल्यांची. मुंबई ते एडन समुद्राखालून टाकलेली तार १८७० साली सुरू झाली होती. विलायत काही तासांवर आली होती आणि साहेबलोक खुशीत होते. त्या रात्री ही तार कित्येक तास वेड्यासारखी वागली. पृथ्वीचं चुंबकत्व ढवळलं की जमिनीतून आणि समुद्रातून न बोलावलेले विजेचे प्रवाह वाहू लागतात आणि लांब तारांत शिरतात. एडनला काय कळवायचं होतं ते राहिलं बाजूला, तारेवर सूर्यच बोलत होता.

"आणि तेव्हा पवईत?" मेहुण्याच्या बायकोने विचारलं.

तेव्हा पवईत हे तळंच नव्हतं. विहार तलाव १८६० साली बांधून झाला होता, पवईचा १८९१ साली झाला. त्याचं पाणी मुंबईला प्यायला द्यायचं होतं, पण ते प्यायच्या लायकीचं नाही असं लवकरच ठरलं. तेव्हापासून तळं फक्त बघण्यासाठी आहे, आणि मगरींना राहण्यासाठी. १८७२ मध्ये आम्ही सूप पीत होतो त्या जागी शेतं आणि आमराया असणार. पवईची जहागीर पूर्वी फ्रामजी कावसजी या पारशी गृहस्थाकडे होती. हौशी माणूस. ऊस, नीळ, तुती, आंबा, सगळं लावून पाहिलं आणि १८३८ साली आपल्या बागेतले आंबे आगबोटीने थेट व्हिक्टोरिया राणीला धाडले. ते कुठल्या अवस्थेत पोचले असतील हा विचार मी जेवताना करत नाही.

आम्ही स्वतः पवईला आलो १९८३ साली. गिरगावची चाळ सोडून पवईला चाललो म्हटल्यावर नातेवाइकांनी तोंडं अशी केली होती की जणू आम्ही अंदमानला निघालोय. "तिथे वाघ असतात," मावशी म्हणाल्या. बिबटे होते. टेकडीवरून खाली येऊन कुत्री नेत. रात्री खिडकीत उभं राहिलं की आयआयटीतले थोडे दिवे सोडले तर समोर काजळ ओतल्यासारखा अंधार. त्या अंधाराला आम्ही इतकी वर्षं शिव्या दिल्या, नगरसेवकांना अर्ज दिले, आणि अखेर एवढा उजेड मिळवला की आता रात्री बारालाही आकाश पातळ ताकासारखं दिसतं. आज १८७२चा प्रकाश पुन्हा आला, तर त्याला उभं राहायला पवईत काळी जागा शिल्लक नाही. लडाखात हान्लेला २०२२ साली अंधार राखीव ठेवलाय. आपण बर्थ राखीव ठेवतो, तसा. मे २०२४ मध्ये मोठं सौरवादळ झालं तेव्हा तिथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर तांबडा प्रकाश टिपला.

"पण १८७२मध्ये लोक घाबरले असतील," ही म्हणाली.

घाबरायची शास्त्रशुद्ध सोय आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'दिग्दाह' म्हणजे दिशा पेटल्यासारख्या दिसणं, यावर वेगळं प्रकरणच आहे. दिशा पिवळी दिसली तर राजाला भय, अग्नीसारखी दिसली तर देशाचा नाश. आता गंमत बघा. ४ फेब्रुवारीला आकाश पेटलं आणि बरोबर चौथ्या दिवशी, ८ फेब्रुवारीला, अंदमानात पोर्ट ब्लेअरला शेर अली नावाच्या जन्मठेपेच्या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा खून केला. त्या आठवड्यात एखाद्या जोशीबुवांनी पंचांग मांडीवर आपटून, "मी सांगत नव्हतो!" असं म्हटलं असेल तर त्यांना काय उत्तर देणार? तोच प्रकाश युरोपभर आणि खार्तुममध्येही दिसला आणि तिथले राजे सुखरूप राहिले, हे त्यांना कळायला तार चालू पाहिजे ना!

एवढ्यात शेजारच्या टेबलावरून आरोळी उठली. मी वळून पाहिलं. उत्तरेला, तळ्यापलीकडे, झाडांच्या वर आकाशात हिरवा पट्टा उमटला होता. तो डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, दुभंगला, पुन्हा एक झाला. मग त्यात जांभळा मिसळला.

अख्खी गच्ची उभी राहिली. ग्रुपवरचा निरोप इतरांनीही वाचला होता हे तेव्हा कळलं. कुणी टाळ्या वाजवल्या, एका आजोबांनी हात जोडले. मोबाइल वर झाले. मेहुण्याचे डोळे पाण्याने भरले होते. "ताई," तो हिचा हात धरून म्हणाला, "पाच रात्री बसलो गं तिकडे. पाच रात्री!" मलाही, खोटं कशाला सांगू, घशात काहीतरी दाटून आलं. उत्तर ध्रुव माझ्यासाठी पवईपर्यंत चालत आला होता.

वेटर पनीर टिक्का घेऊन आला. त्याने आमच्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि प्लेट ठेवत म्हणाला, "आयआयटी का फंक्शन है, अरोरासाब. लेझर. कल तक चलेगा."

विद्यार्थ्यांचा 'मूड इंडिगो' चालू होता. डिसेंबरअखेर दरवर्षी असतो. चाळीस वर्षं मी त्याच्या आवाजाबद्दल तक्रार करत आलोय आणि नेमका त्या रात्री विसरलो. गच्ची हळूहळू खाली बसली. हात जोडलेल्या आजोबांनी ते हात सावकाश पापडाकडे वळवले. मेहुणा बराच वेळ काही बोलला नाही. टिक्क्यालाही शिवला नाही.

"सहा रात्री झाल्या," तो शेवटी म्हणाला. "हिशेबात काय, तर शून्य."

त्याची समजूत घालायची म्हणून मी कुलाब्याच्या वेधशाळेची गोष्ट काढली.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. काम ऐकायला सोपं. टांगलेला लोहचुंबक, त्याला चिकटवलेला आरसा, समोर दुर्बीण आणि मोजपट्टी. दुर्बिणीतून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. तासाने पुन्हा वाचायचा, पुन्हा लिहायचा. दिवसा, रात्री, पावसाळ्यात, दिवाळीत. चुंबक अस्वस्थ दिसला तर दर पंधरा मिनिटांनी, फारच बिथरला तर दर पाच मिनिटांनी. हे आकडे लिहिणाऱ्या मदतनिसांत सुरुवातीची दहाएक वर्षं अलिबागजवळच्या नागावचा एक मुलगा होता. केरो लक्ष्मण छत्रे. वय सोळाच्या आसपास. हेच पुढे प्रोफेसर केरूनाना छत्रे झाले, ग्रहसाधनाची कोष्टके लिहिणारे, सूर्यावरच्या डागांचा आणि पृथ्वीवरच्या हवेचा संबंध शोधणारे. सर्कसवाले छत्रे ते वेगळे. दोघांचाही धंदा कसरतीचा असला तरी.

डेक्कन कॉलेजात नानांच्या हाताखाली शिकलेल्या एका विद्यार्थ्याने पुढे उत्तर ध्रुव थेट आपल्या घरातच आणला. बाळ गंगाधर टिळक. आर्यांचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होतं हे सांगणारं लोकमान्यांचं इंग्रजी पुस्तक १९०३ साली निघालं. संशोधकांनी पुढे ते मानलं नाही. पण मानलं असतं तर मेहुण्याने ट्रोम्सोचा खर्च माहेरची फेरी म्हणून टाकायला हरकत नव्हती.

तर नाना कुलाबा सोडून गेल्यावर काही वर्षांनी, १ सप्टेंबर १८५९ रोजी, इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन नावाच्या गृहस्थाला सूर्यावरच्या डागांचं चित्र काढताना तिथे पांढराशुभ्र स्फोट झालेला दिसला. सतरा-अठरा तासांत तो लोट पृथ्वीवर आदळला. जगातल्या कित्येक वेधशाळांतल्या उपकरणांच्या पट्ट्या संपल्या, काटे कागदाबाहेर गेले. कुलाब्याला मात्र नेहमीप्रमाणे कुणीतरी दुर्बिणीला डोळा लावून बसलं होतं. चुंबक ढासळत चालला तशी त्या माणसाने झटपट वाचनं घेतली आणि लिहिली. चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आलं. साध्या वादळात शंभर-दोनशेने येतं. पण म्हणून कुणी धावत बाहेर गेलं नाही. वही मिटली, फडताळात गेली.

आणि २००३ साली, म्हणजे एकशे चव्वेचाळीस वर्षांनी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ते आकडे उलगडले. माणसाने मोजलेलं सगळ्यांत मोठं सौरवादळ कुलाब्याच्या वहीत निघालं. १८७२चंही तसंच. नागोया विद्यापीठाचे हायाकावा आणि नऊ देशांतले त्यांचे सहकारी यांनी जगभरातून प्रकाश दिसल्याच्या सातशेहून जास्त नोंदी गोळा केल्या आणि २०२३ साली सांगितलं की ४ फेब्रुवारीचं वादळ कॅरिंग्टनच्या वादळाच्या पंक्तीत बसवण्याजोगं होतं. त्यांनाही मोजमापाला कुलाब्याची वही लागली.

"आता कुठे आहे हे सगळं?" मेहुण्याने विचारलं. तो टिक्का खायला लागला होता, ही चांगली खूण होती.

अलिबागला. मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं आणि वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं की ट्राम धावली की चुंबकाला सूर्याऐवजी ट्रामच ऐकू येणार. म्हणून १९०४ साली अलिबागला लोखंडाचा खिळाही न वापरता, पोरबंदरी दगडाची नवी वेधशाळा उभी राहिली. दोन वर्षं दोन्हीकडे वाचनं चालू ठेवली, सांधा जुळेपर्यंत. तिथे हे काम आजही चालू आहे. मुंबईत भोळसटाला 'अलिबागसे आया क्या?' म्हणून हिणवतात. शंभर वर्षांवर जगाच्या उलथापालथीची बित्तंबातमी ठेवणारं गाव ते!

"त्या वह्यांत बहुतेक रात्री काय लिहिलंय माहीत आहे?" मी मेहुण्याला म्हटलं. "काही नाही. चुंबक जागेवर. अशा हजारो शून्यांच्या रात्री कुणीतरी लिहिल्या, म्हणून एक रात्र वेगळी होती हे कळलं. तुझ्या सहा रात्री फुकट नाहीत. फक्त तू लिहून ठेवल्या नाहीस."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि माझा घास अडला. हिने माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. पण तिला काय आठवलं ते मला कळलं.

अण्णा रोज रात्री जेवण झालं की चाळीच्या गॅलरीत जात. पाच मिनिटं आकाशाकडे बघत, बोट ओलं करून वाऱ्यात धरत आणि आत येऊन डायरीत दोन ओळी लिहीत. वारा कुठला, ढग किती, पहिला पाऊस कधी, मोहोर केव्हा आला. चाळीस वर्षं. आम्हां पोरांना तो विनोदाचा विषय होता. आई म्हणायची, "सरकार काय पगार देतंय याचा?" अण्णा म्हणत, "लिहून ठेवावं. कुणाला तरी लागतं." ते गेल्यावर एकदा मी माझ्या जन्माच्या तारखेचं पान काढून पाहिलं होतं. वाटलं होतं, बापाने काहीतरी काळजातलं लिहिलं असेल. लिहिलं होतं: 'पहाटे मुलगा झाला. आकाश निरभ्र. वारा उत्तरेचा, मंद.'

१९८३ साली पवईला येताना त्या चाळीस डायऱ्या मी रद्दीत घातल्या. नव्या घरी जागा नव्हती. खरं म्हणजे जागा होती, पण नवा शोकेस घेतला होता. रद्दीवाल्याने वह्यांचा भाव वर्तमानपत्रापेक्षा कमी लावला म्हणून मी त्याच्याशी हुज्जतही घातली. चार आण्यांनी वाढवून घेतला. तेव्हा ही म्हणाली होती, "राहू द्या हो, मी माझ्या साड्यांच्या ट्रंकेत ठेवते." मी म्हटलं होतं, "कुणाला लागणार आहेत?"

गिरगावच्या एका गॅलरीतून दिसलेलं चाळीस वर्षांचं आकाश. त्यात काही नसेल, अगदी काही म्हणजे काही नसेल. पण काही नव्हतं, हे सांगणारा आता कुणी नाही. मनूने म्हटलंय ते खोटं नाही. उत्तरेकडे तोंड करून जेवलं की सत्य मिळतं. ते गोड असेल असं मात्र त्याने कुठे म्हटलेलं नाही.

बिल आलं. मिस्टर अरोरा यांच्या नावाने. आकडा पाहून मला क्षणभर खराच उत्तर ध्रुव दिसला. मेहुण्याने खिशात हात घातला, मी त्याला थांबवलं, त्याने थांबून घेतलं. पैसे चुकते केल्यावर मी बिल उलटं केलं आणि वेटरकडे पेन मागितलं.

"काय करताय?" हिने विचारलं.

मी वर पाहिलं. ताकासारखं आकाश, त्यात तीन तारे, बाकी हाती काही लागत नव्हतं. मग बोट ओलं करून वर धरलं. वेटरला वाटलं, अरोरासाहेबांना आणखी काही मागवायचंय. तो वाकला. त्याच्या मागे तंदूरचा धूर तळ्याकडे न जाता आमच्या डोक्यावरून रस्त्याकडे, म्हणजे दक्षिणेला जात होता. बोट आणि धूर यांचं एकमत झालं.

मी तारीख घातली आणि लिहिलं: 'पवई. रात्री साडेदहा. आकाश धुरकट. वारा उत्तरेचा, मंद. अरोरा दिसला नाही.'

हिने ते वाचलं, बिलाची घडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवून चेन लावली.

"तुमच्याकडे नको," ती म्हणाली.